सहावा माणूस: नेब्रास्कातील एका धान्य कोठाराचा ओव्हरटाइम

पुण्यात बसून अमेरिकेतल्या छोट्या धंद्यांचे पेरोल सांभाळणारे आता बरेच आहेत. ओव्हरटाइम कोणाला लागू नाही, असे विचारले की त्यांतले बहुतेक जण ‘पगारदार मॅनेजरला’ असे उत्तर देतात. शेतीमालाच्या धंद्यांसाठी अमेरिकेच्या ओव्हरटाइमच्या कायद्यात काही वेगळ्याच सवलती आहेत आणि त्या फार अरुंद आहेत, हे फाइल हातात आल्यावरच कळते. खालचे प्रकरण अशाच एका सवलतीचे आहे. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत आणि समजायला सोपे जावे म्हणून आकडे पूर्णांकात आणले आहेत.

पार्श्वभूमी

नेब्रास्का राज्याच्या नैर्ऋत्य भागात सातशे-आठशे वस्तीचे एक गाव आहे. रेल्वेमार्गालगत काँक्रीटची उंच कोठारे, शेजारी पत्र्याची गोल कोठारे, ट्रकचा वजनकाटा आणि काट्याला चिकटून ऑफिस. तिकडे याला ‘कंट्री एलिव्हेटर’ म्हणतात. आजूबाजूचा शेतकरी इथे धान्य आणून विकतो किंवा साठवतो, आणि जाताना बियाणे, खत, पशुखाद्य घेऊन जातो. आपल्याकडचे खरेदी केंद्र, गोदाम आणि कृषी सेवा केंद्र एकाच आवारात आणले तर जे होईल, ते हे.

धंदा नवरा-बायकोच्या भागीदारीत. पगारावर पाच जण: त्यांचा मुलगा, आवारात काम करणारे तिघे आणि आठवड्याला पंचवीस तास येणारी हिशेबनीस. मुलगा धरून आवारातल्या चौघांचा दर सरासरी ताशी २० डॉलर.

एरवी आठवडा चाळीस-पंचेचाळीस तासांचा. जुलैत गहू निघाला की तीन आठवडे हे गणित मोडते. कापणी-मळणीची कम्बाइन यंत्रे रात्री उशिरापर्यंत चालतात आणि शेवटचा ट्रक रिकामा झाल्याशिवाय काटा बंद करता येत नाही. एका मोठ्या ट्रकमध्ये साधारण नऊशे बुशेल (बुशेल हे तिकडचे धान्याचे माप) गहू असतो. प्रत्येक ट्रकचे वजन घ्यायचे, नमुना काढायचा, ओलावा मोजायचा, माल खड्ड्यात ओतायचा आणि रिकाम्या ट्रकचे पुन्हा वजन. रांग लांबली की शेतकरी पुढच्या गावच्या कोठाराकडे वळतो. त्यामुळे या तीन आठवड्यांत चौघांचे तास अठ्ठ्याहत्तरवर जात आणि कॉलेजची दोन मुले ताशी १४ डॉलरवर घेतली जात. तीही साठ तास राबत. पुढे सप्टेंबरअखेरपासून सोयाबीन आणि मका. तेव्हा चार आठवडे पासष्ट तासांचे. मुले कॉलेजला परतलेली असत, म्हणून ओलावा मोजायला गावातला एक निवृत्त शेतकरी आठवड्याला वीस तास येई, ताशी १५ डॉलरवर.

या सगळ्यांना जितके तास तितके पैसे मिळत. चाळीस तासांनंतरचा दीडपट दर कोणालाच नव्हता. पेरोल प्रणालीत त्या आस्थापनेपुढे ‘ओव्हरटाइम लागू नाही’ अशी खूण होती आणि नव्या माणसाचे नाव भरले की ती त्यालाही आपोआप लागे. ती खूण कोणी आणि कधी लावली, हे मालकालाही आठवत नव्हते.

प्रश्न कसा वर आला

पेरोलचे काम तिकडच्या एका अकाउंटिंग फर्मकडे होते आणि फर्मचे हे काम पुण्यात आमच्याकडे येई. जुलै २०२४ मध्ये गव्हाच्या पहिल्या आठवड्याची फाइल तपासताना टीममधली नवी मुलगी म्हणाली, “मॅडम, कारणाच्या रकान्यात ‘कंट्री एलिव्हेटर’ लिहिलंय. मी ते कलम काढून वाचलं. त्यात पाच माणसांची अट आहे. इथे तर सात नावं आहेत.”

इथे पहिला निर्णय घ्यावा लागला. आमचा करार आकडे भरण्याचा आणि जुळवण्याचा होता, कायदेशीर सल्ल्याचा नव्हता. गप्प बसायला तेवढे कारण पुरले असते. आम्ही फर्मच्या भागीदाराला दोन ओळींचा प्रश्न पाठवला. उत्तर लगेच आले: कंट्री एलिव्हेटरना ओव्हरटाइम लागत नाही, पहिल्यापासून असेच आहे.

उत्तर अर्धे खरे होते, आणि अशी उत्तरे खोडायला जास्त अवघड. त्यावर वाद न घालता आम्ही दोन वर्षांचा एक तक्ता पाठवला. उभ्या रकान्यात आठवडा, आडव्यात पगारावरची माणसे. मत काहीच लिहिले नाही. बहुतेक ओळींत ‘५’ आणि हंगामात ‘७’ किंवा ‘६’. तो पाहून भागीदाराने मालकाला कामगार कायद्याच्या वकिलाकडे पाठवले.

कायदा नेमके काय म्हणतो

अमेरिकेचा फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट १९३८ चा. आठवड्यात चाळीस तासांपुढे दीडपट दर, हा त्याचा गाभा. (आपल्याकडे कारखान्यांत ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे, त्यामुळे दीडपट ऐकून आपल्याकडचे लोक थोडे चकित होतात.) नेब्रास्कात राज्याचा स्वतःचा ओव्हरटाइम कायदा नाही, म्हणून सगळा भार या केंद्रीय कायद्यावर.

त्याच्या कलम १३(ब)(१४) मध्ये कंट्री एलिव्हेटरची सवलत आहे. ती फक्त ओव्हरटाइमपुरती आहे, किमान वेतन द्यावेच लागते. सवलतीसाठी तीन गोष्टी एकाच वेळी जमून याव्या लागतात. आस्थापना सर्वसाधारणपणे कंट्री एलिव्हेटर म्हणून ओळखली जाणारी हवी. शेतीला लागणाऱ्या वस्तू आणि सेवा ती विकत असली तरी चालते. त्या कामांवर पाचपेक्षा जास्त कर्मचारी नसावेत. आणि काम ‘उत्पादन क्षेत्रा’त झालेले हवे.

पाचच्या अटीत लोक कुठे घसरतात, ते या प्रकरणात एकापाठोपाठ एक दिसले. मोजणी आठवड्यागणिक होते, वर्षाची सरासरी काढून नाही. वीस तास येणारा माणूसही एक पूर्ण माणूस. खत-बियाण्याच्या काउंटरवर बसणाराही मोजायचा, कारण ती विक्री कलमाच्या शब्दांतच एलिव्हेटरच्या कामात धरली आहे. मालकाचे म्हणणे होते की मुलगा घरचा, त्याला कशाला मोजायचे? मालकाच्या जवळच्या नातेवाइकांना ‘कर्मचारी’ या व्याख्येतून वगळणारी तरतूद कायद्यात आहे खरी, पण ती मालक शेती करत असेल तेव्हाची. धान्य विकत घेऊन साठवणे म्हणजे शेती नव्हे. मुलगा तासावर पगार घेत होता, तो मोजला गेला. मालक आणि त्याची बायको भागीदार होते, पगार घेत नव्हते, ते मोजले गेले नाहीत.

म्हणजे वर्षभर पाच बरोबर बसत होते आणि नेमके ज्या आठवड्यांत तास सर्वांत जास्त, त्याच आठवड्यांत सवलत नाहीशी होत होती. बिगरहंगामात ती असून तिचा फारसा उपयोग नव्हता. माझ्या मते या सवलतीची सगळी गंमत इथे आहे. मालकांच्या बोलण्यात ती हंगामासाठीची म्हणून येते, पण हंगामाला माणसे वाढतात आणि माणसे वाढली की ती टिकत नाही.

‘उत्पादन क्षेत्रा’ची व्याख्या कामगार खात्याच्या नियमांत आहे. आस्थापना मोकळ्या ग्रामीण भागात हवी: २,५०० किंवा अधिक वस्तीच्या शहरात नको, आणि अशा शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत एक मैलाच्या आतही नको. शहर ५०,००० च्या पुढचे असेल तर हे अंतर तीन मैल, पाच लाखांच्या पुढे पाच मैल. शिवाय धान्याच्या बाबतीत ९५ टक्के माल सरळ रेषेत ५० मैलांच्या, म्हणजे साधारण ८० किलोमीटरच्या, आतून आलेला हवा. हे ९५ टक्के मागच्या कॅलेंडर महिन्याच्या आवकेवर पाहतात, त्या महिन्यात निदान दोन आठवडे काम झाले असेल तर.

या व्याख्येला जुना इतिहास आहे. सुरुवातीला कामगार खात्यातल्या वेतन विभागाच्या प्रशासकाने तिच्यात सातपेक्षा जास्त कामगार नसावेत, अशीही अट घातली होती. फ्लोरिडातल्या होली हिल या फळप्रक्रिया कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये ती उडवली: क्षेत्र म्हणजे भूगोल, त्यात माणसांची संख्या आणण्याचा अधिकार प्रशासकाला दिलेला नाही. लोकसंख्या आणि अंतरावर बेतलेली व्याख्या १९५६ मध्ये न्यायालयाने मान्य केली. माणसांची संख्या एलिव्हेटरपुरती पुढे काँग्रेसनेच, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनेच, कायद्यात लिहिली, त्यामुळे तिच्याशी भांडायला जागा उरली नाही.

हिशेब

जुलैच्या आठवड्यात प्रत्येकाचे ३८ तास चाळीसच्या पुढचे. साधा दर दिलेलाच होता, राहिले होते वरचे अर्धे, म्हणजे तासाला १० डॉलर. आठवड्याला ३८०, तीन आठवड्यांचे १,१४०. शरदातले २५ तास, चार आठवडे, म्हणजे १,०००. माणशी वर्षाला २,१४०, चौघांचे ८,५६०. दोन विद्यार्थ्यांचे २० तास, ७ डॉलर, तीन आठवडे: दोघांचे मिळून ८४०. एका वर्षाची थकबाकी ९,४००, दोन वर्षांची १८,८००. हिशेबनीस आणि निवृत्त शेतकरी कधीच चाळीसच्या पुढे गेले नव्हते, त्यांचे काही निघाले नाही.

यानंतर वकिलाने वजनकाट्याच्या पावत्या मागवल्या आणि तिथे कोणाच्याच ध्यानीमनी नसलेली गोष्ट निघाली. पावत्यांवर शेतकऱ्याचे नाव होते, शेत कुठले ते नव्हते. मुलाने आठवणीने आणि नकाशा पाहून एकेक नाव लावत नेले. हंगामी महिन्यांत शेकडो ट्रक होते, त्यात बाहेरचे दोन-चार असले तरी ९५ टक्क्यांना धक्का लागत नव्हता. मार्च २०२३ मध्ये मात्र आवक जेमतेम अकरा ट्रकांची होती आणि त्यातला एक सत्तर मैलांवरच्या व्यापाऱ्याकडून आलेला, पशुखाद्यासाठीचा मका. अकरात एक म्हणजे नऊ टक्के. त्यामुळे एप्रिल २०२३ च्या चारही आठवड्यांत माणसे पाचच असूनही सवलत गेली. एप्रिल खतांचा महिना, आठवडे पन्नास तासांचे. चौघांचे १० तास, १० डॉलर, चार आठवडे: १,६०० डॉलर.

एकूण २०,४०० डॉलर. दावा झाला तर तेवढीच रक्कम नुकसानभरपाई म्हणून आणखी लागू शकते, शिवाय कामगारांच्या वकिलाची फी. दाव्याची मुदत दोन वर्षे. जाणूनबुजून केलेले उल्लंघन ठरले तर तीन, आणि मग २०२१ चा हंगामही आत येतो. आणि सवलत लागू होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते.

तोललेले पर्याय

मागच्या थकबाकीबाबत पहिला विचार होता की पुढचे सुधारावे आणि मागचे सोडून द्यावे. प्रत्येक पगाराची मुदत वेगळी मोजली जाते. जुलै २०२२ चे आठवडे एकेक करून मुदतीबाहेर जात होते, पहिला तर गेलाच होता. थांबण्यात मालकाचा रोख फायदा होता. वकिलाने हे लपवले नाही, पण आता लेखी तक्ता हातात आल्यानंतर गप्प राहणे हे ‘जाणूनबुजून’च्या जवळ जाते, हेही सांगितले.

दुसरा विचार: पैसे द्यावेत आणि ‘आता काही मागणी नाही’ असे लिहून घ्यावे. पण या कायद्याखालचे हक्क कामगार खाजगी कागदावर सोडू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९४५ मध्येच सांगितले आहे. मान्य होणारे हक्कसोडपत्र हवे तर कामगार खात्याच्या देखरेखीखाली पैसे द्यायचे. स्वतःहून चूक कळवणाऱ्या मालकांसाठी खात्याची ‘पेड’ नावाची योजना २०१८ मध्ये आली होती, पण जानेवारी २०२१ मध्ये ती बंद झाली आणि पुन्हा सुरू झाली जुलै २०२५ मध्ये. २०२४ च्या उन्हाळ्यात तो दरवाजा बंद होता. नेहमीच्या मार्गाने खात्याकडे जायची मालकाची तयारी नव्हती.

पुढच्या हंगामांसाठीचे पर्याय जास्त रंगले. माणसे एजन्सीमार्फत आणावीत? काम इथले, हुकूम इथला, तर तीही मोजली जाण्याचा धोका. खताचे काम वेगळ्या जागी नेऊन दोन आस्थापना दाखवाव्यात? जागा खरोखर वेगळी हवी, माणसे खरोखर वेगळी हवीत. इथे तीच चार माणसे दोन्हीकडे धावणार होती. मुलाला मॅनेजर करून पगारावर ठेवावे? तो दिवसभर खड्ड्यापाशी उभा असे. रेल्वे टर्मिनलला ट्रक नेणाऱ्यासाठी वाहतूक कामगारांची वेगळी सवलत आहे, पण आठवड्यात एखादी फेरी मारणाऱ्यावर ती बेतणे वकिलाला पटले नाही. उरले दोन: वर्षभर सगळ्यांना दीडपट द्यावे, किंवा आठवडा पाहून द्यावे.

केलेली कृती

मालकाने १ जुलै २०२२ पासूनची सगळी थकबाकी द्यायचे ठरवले, मुदतीबाहेर गेलेल्या आठवड्यासकट. रक्कम पेरोलमधूनच, कर कापून, वेतन म्हणून गेली. प्रत्येकाला आठवडा, तास आणि फरक दाखवणारा कागद दिला. सही फक्त पैसे मिळाल्याची. चालू हंगामाचा पहिला आठवडा पुढच्याच पगारात दुरुस्त झाला.

पेरोलमधली खूण आम्ही आस्थापनेवरून काढली. आता प्रत्येक आठवड्याला तीन प्रश्नांची उत्तरे आल्याशिवाय फाइल पुढे जात नाही: या आठवड्यात एक तास तरी काम केलेली माणसे किती, मागच्या महिन्यात ५० मैलांबाहेरची आवक किती टक्के, आणि भागीदारांशिवाय घरचे कोणी पगारावर आहे का. काट्याच्या पावतीवर शेताच्या ठिकाणासाठी एक रकाना वाढवला.

शरद आला तेव्हा मालकाने नवा हिशेब मांडला. निवृत्त शेतकऱ्याचा आठवड्याचा पगार ३०० डॉलर. पण तो आला की माणसे सहा होतात आणि चौघांचा वरचा फरक १,००० डॉलर लागतो. म्हणजे वीस तासांची मदत १,३०० ला पडते. मालकाने त्याला येऊ नको म्हणून सांगितले आणि ओलावा मोजायला स्वतःची भागीदार बायको बसली. पाच ते पाचच राहिले, साधा दर लागू झाला. हे पूर्णपणे कायदेशीर होते.

निष्पत्ती

आवारातल्या तिघांना ते कायदेशीर आहे हे नीट समजावून सांगितले होते. तरी जुलैत चाळीसच्या वरच्या तासांना दीडपट आणि ऑक्टोबरात त्याच तासांना साधा दर, हे त्यांच्या गळी उतरेना. थकबाकीच्या कागदामुळे आपल्या तासाची दीडपट किंमत आता त्यांना पाठ झाली होती. ऑक्टोबर संपायच्या आत एक जण पलीकडच्या गावातल्या सहकारी संस्थेत गेला. ती संस्था मोठी, पाचच्या कितीतरी पुढची, तिथे चाळीसनंतर दीडपट वर्षभर. त्याच्या जाण्याने माणसे चार झाली आणि निवृत्त शेतकऱ्याला पाचवा म्हणून परत बोलावता आले, पण खड्ड्यापाशी वीस वर्षे काढलेला हात गेला होता.

जाताना त्याने २०२१ च्या हंगामाचे पैसेही मागितले. दोन वर्षांची मुदत उलटलेली होती आणि तीन वर्षांची मुदतही आठवड्यागणिक सरत होती. वकिलाचे मत होते की ‘जाणूनबुजून’ सिद्ध करणे त्याला कठीण जाईल. मालकाने २,१४० डॉलर दिले, आणि एकाला दिल्यावर उरलेल्या तिघांनाही दिले. त्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाला पत्ता शोधून पाठवले, दुसऱ्याचा चेक दोनदा परत आला. दावा कोणी केला नाही.

वेगळे काय करता आले असते

शरदातला निर्णय मला आजही चुकीचा वाटतो, आणि तो पैशाच्या हिशेबातच चुकीचा आहे. चार आठवड्यांचा वरचा फरक ४,००० डॉलर होता. सुगीच्या ऐन मध्यात कसलेला माणूस शोधणे, त्याला काटा आणि कोठार शिकवणे, तोवर रांगेतले ट्रक दुसरीकडे जाणे, याची बेरीज कोणी मांडलीच नाही. सवलत वापरता येते का, एवढाच प्रश्न सगळ्यांनी वकिलाला विचारला. ती वापरावी का, हा प्रश्न त्याच्या कामाचा नव्हता आणि मालकाने स्वतःला विचारला नाही.

खात्याच्या देखरेखीचा मार्ग टाळल्याने मालकाला पक्के हक्कसोडपत्र मिळाले नाही. रक्कम एवढीच राहिली म्हणून चालून गेले. माणसे जास्त असती, किंवा कोणी वकील केला असता, तर दुप्पट भरपाईची टांगती तलवार तशीच राहिली असती. इतक्या छोट्या धंद्यात माझा कौल तरीही थेट पैसे देण्याकडे, कारण सगळे पैसे सहा आठवड्यांत लोकांच्या हातात पडले.

मार्चमधला तो एक ट्रक टाळणे सर्वांत सोपे होते. मका एप्रिलच्या तोंडाशी घेण्याऐवजी ऑक्टोबरात, आवकेच्या गर्दीत घेतला असता तर टक्केवारीत दिसलाही नसता. खरेदी करणाऱ्या मुलाला पगाराचा हा नियम माहीत असण्याचे कारणच नव्हते, आणि पेरोल पाहणाऱ्यांपर्यंत काट्याच्या पावत्या कधी येत नव्हत्या.

२०२५ च्या जुलैत मालकाने दोनऐवजी तीन विद्यार्थी घेतले. सवलत तशीही जाणारच होती, मग सातच्या जागी आठ झाले तर काय बिघडते, हा त्याचा तर्क. चौघांचे तास अठ्ठ्याहत्तरवरून सहासष्टवर आले. शरदासाठी त्याने सप्टेंबरातच कळवले: निवृत्त शेतकरी येईल, माणसे सहा धरा, दीडपट लावा.